ओढणीआडची तारकशी : मराठवाड्यातील मुस्लिम पेहरावातील चांदीचे जाळीदार हार

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाची आहे. बियाणे, कापूस, पोलाद आणि मोसंबी यांच्या व्यापारामुळे या शहराची ओळख सोन्याशी जोडली गेली. मात्र या सोन्याच्या पाळण्यात वाढलेल्या असंख्य घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी सोन्यात नव्हे, तर चांदीत होती. मुस्लिम घरांतील पेटाऱ्यात जपलेले गुलुबंद, हमेल, ताईत आणि जाळीकामाचे हार ही या पुंजीची नजाकतदार बाजू. केसासारख्या बारीक तारा वळवून घडवलेल्या या दागिन्यांच्या कलेला 'तारकशी' असे नाव आहे. आज चांदीच्या चढ्या भावामुळे हे दागिने झपाट्याने मोडीत निघत असताना त्यांचे मूळ, घडण आणि महत्त्व समजून घेणे आवश्यक ठरते.

निजामी राजवटीचा वारसा

सध्याचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन हा परिसर तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात होते. त्याहीआधी, सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत, हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्य बदलले, पण पेहराव, खाद्यपदार्थ, भाषा आणि दागिने यांवरील दख्खनी छाप कायम राहिली.

इ. स. १९०० मध्ये मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला आणि जालना थेट हैदराबादशी जोडले गेले. हैदराबादेतील चारमिनारजवळचा लाड बाजार हे लग्नाच्या खरेदीचे ठिकाण बनले. मराठवाड्यातील मुस्लिम कुटुंबे शादीचा जोडा, बांगड्या आणि अत्तर यांच्या खरेदीसाठी आजही हैदराबादची वाट धरतात. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजारांच्या घरात असून, त्यात मुस्लिमांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे.

दागिन्यांच्या बाबतीत जिल्ह्याची परंपरा निजामाहून कितीतरी जुनी आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. भोकरदन हे सातवाहनकालीन भोगवर्धन. १९७३ च्या सुमारास तेथे झालेल्या उत्खननात विविध प्रकारचे मणी आणि अलंकारांनी सजलेली एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे असलेले साम्य अभ्यासकांना विशेष महत्त्वाचे वाटते. अलंकार घडवणे, घालणे आणि दूरदेशी पाठवणे या भूमीला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

शब्दांतून दिसणारी देवाणघेवाण

दख्खनमध्ये दागिन्यांची देवाणघेवाण किती खोलवर झाली, याची साक्ष मराठी भाषाच देते. 'सराफ' हा शब्द मूळ अरबी. 'जवाहीर', 'मीना', 'जर' हे शब्दही याच वाटेने आले. 'ताईत' म्हणजे अरबीतील 'तावीज'. नाण्यांच्या माळेला मराठीत 'हमेल' म्हणतात. तिचे नाते खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्याच्या अरबी नावाशी आहे. 'गुलुबंद' फारसी असून 'गुलू' म्हणजे गळा आणि 'बंद' म्हणजे बांधणी. 'तारकशी' या शब्दातील 'कश' हाही ओढणे या अर्थाच्या फारसी क्रियापदापासून आला आहे. तार ओढणारा तो तारकश आणि त्याचे काम ती तारकशी.

अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त स्त्रियांच्या दागिन्यांची यादी दिली आहे. त्यात गळ्यातील अलंकारांमध्ये गुलुबंद, हार आणि हंस यांचा उल्लेख येतो. 'हंस' म्हणजे गळ्याभोवतीची कडी. तिचेच रूप 'हसली' किंवा 'हासली' या नावाने उत्तर भारतापासून मराठवाड्यातील बंजारा तांड्यांपर्यंत आढळते. एकाच दागिन्याने धर्म, जात आणि प्रांत यांच्या सीमा किती सहज ओलांडल्या, हे यावरून लक्षात येते.

गळ्यातील अलंकारांचे प्रकार

हैदराबादी दख्खनी परंपरेत वधूच्या पेहरावाला 'खडा दुपट्टा' म्हणतात. चुडीदार, कुर्ती, चोली आणि सुमारे सहा वार लांबीची ओढणी असा हा थाट असतो. संपन्न घरांत त्यावर चिंताक हा गळ्यालगतचा जडावाचा दागिना, जुगनी आणि मोत्यांचा सात पदरी सतलडा घातला जाई. विवाहितेच्या गळ्यात 'काली पोत का लच्छा' असतो. काळ्या मण्यांच्या या दागिन्याचे मराठी घरांतील मंगळसूत्राशी असलेले साम्य सहज नजरेत भरते.

मोती आणि जडाव ही अमीर-उमरावांची मिरास. सामान्य मुस्लिम शेतकरी, विणकर, शिपाई आणि लहान व्यापारी यांच्या घरांत चांदीलाच मान होता. चांदीच्या दागिन्यांत दोन ठळक प्रकार दिसतात. पहिला भरीव : हसली, तोडे, कडी. यात वजनाला महत्त्व. दुसरा नाजूक : जाळीकामाची पदके, पोकळ मणी, ताईताच्या नळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या साखळ्या. यात कसबाला महत्त्व. तारकशीचा हार या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

अशा हारात मध्यभागी चंद्रकोर, पान किंवा कमळासारख्या फुलाच्या आकाराचे पदक असते. त्याच्या दोन्ही बाजूंना लहान जाळीदार चकत्या आणि खाली घुंगरू किंवा पानांची झालर असते. 'हैकल' या प्रकारात ताईतासारख्या पेट्या किंवा चकत्या ओळीने गुंफलेल्या असतात. दागिना रेशमी वा सुती गोंड्यात ओवण्याचे काम पटवेकरी करीत. दख्खनमध्ये या व्यवसायात हिंदू आणि मुस्लिम असे दोन्ही समाज होते.

धर्माचे नियम आणि दागिन्याचे रूप

इस्लामी परंपरेत स्त्रियांना सोने आणि चांदी दोन्ही धातूंचे दागिने वापरण्याची मुभा आहे. पुरुषांसाठी मात्र सोने वर्ज्य मानले जाते, चांदीची अंगठी चालते. प्रेषित मुहम्मद यांची मुद्रेची अंगठी चांदीची होती, असे हदीस ग्रंथांत नमूद आहे. त्यामुळे चांदीला या समाजात केवळ 'गरिबाचे सोने' असे स्थान नाही, तर तिला एक स्वतंत्र प्रतिष्ठा आहे.

कुराणातील 'सूरह नूर'मध्ये स्त्रियांनी आपला साजशृंगार परक्यांपुढे प्रकट करू नये आणि ओढणी छातीवरून घ्यावी, असे सांगितले आहे. त्याच्या तपशिलाबाबत विद्वानांत मतभेद आहेत. पण दागिन्याच्या वापरावर त्याचा परिणाम झाला. हार ओढणीखाली किंवा बुरख्याखाली राहतो. त्याचे खरे दर्शन घडते ते घरात, ईदच्या दिवशी, मेहंदी-हळदीच्या रात्री आणि लग्नातील जनानखान्यात. म्हणजे हा दागिना रस्त्यावरच्या नजरेसाठी नसून आप्तस्वकीयांसाठी असतो.

सजीवांच्या आकृती टाळण्याचा संकेतही नक्षीतून दिसतो. वेलबुट्टी, पाने, फुले, चंद्र-तारा, जाळी आणि भौमितिक रचना यांवर कारागिरांचा भर राहिला. मशिदीच्या दगडी जाळीत दिसणारी लय लहान रूपात तारकशीच्या पदकात दिसते. ताईत वापरण्याबाबत मात्र समाजात एकमत नाही. काही विचारप्रवाह त्याला श्रद्धेचा भाग मानतात, तर काही त्यास विरोध करतात. त्यामुळे अनेक घरांत ताईताची पेटी रिकामी ठेवून केवळ अलंकार म्हणून वापरली जाते.

करीमनगरची कला

तारकशी ही जगातील अतिप्राचीन धातुकलांपैकी एक होय. मेसोपोटेमियातील उर येथे मिळालेल्या इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकातील दागिन्यांतही तारकाम आढळते. भारतात या कलेची प्रमुख केंद्रे दोन : ओडिशातील कटक आणि तेलंगणातील करीमनगर. यांपैकी करीमनगर हे जुन्या हैदराबाद संस्थानातले, म्हणजे एकेकाळी जालन्याच्याच राज्यातले.

करीमनगरजवळील येलगंदल हे या कलेचे मूळ स्थान मानले जाते. जिल्ह्याचे मुख्यालय १९०५ मध्ये येलगंदलहून करीमनगरला हलवण्यात आले आणि कलाही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. येथील कारागीर प्रामुख्याने तेलुगू भाषक हिंदू सोनार कुटुंबांतील, तर आश्रयदाते निजाम आणि त्यांचे सरदार. अत्तरदाणी, पानदान, तबके, पेट्या आणि दागिने अशा वस्तू येथे घडत. मुस्लिम अभिरुची आणि हिंदू हस्तकौशल्य यांचा हा संगम दख्खनच्या स्वभावाला साजेसाच आहे. करीमनगरच्या तारकशीला २००७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कटकच्या 'रूपा तारकसी'ला ते २०२४ मध्ये मिळाले.

येमेनचा धागा

मराठवाड्याच्या संदर्भात आणखी एका देशाचा उल्लेख अपरिहार्य आहे, तो म्हणजे येमेन. तेथील हद्रमौत प्रांतातून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मोठ्या संख्येने अरब शिपाई निजामाच्या सैन्यात दाखल झाले. त्यांचे वंशज मराठवाड्यात 'चाऊस' म्हणून ओळखले जातात. जालना, परभणी, नांदेड, हिंगोली या भागांत हा समाज आजही आहे. चाऊस हे नाव तुर्की सैन्यातील एका पदनामावरून आले.

येमेन ही चांदीच्या तारकशीची जगप्रसिद्ध भूमी. विशेष म्हणजे तेथील मुस्लिम स्त्रियांचे हार घडवणारे कारागीर बहुतांशी ज्यू होते. बोसानी आणि बदीही या ज्यू कुटुंबांच्या नावाने तेथील नक्षीच्या शैली ओळखल्या जात. १९४९-५० मध्ये सुमारे ४९ हजार येमेनी ज्यू विमानाने इस्राएलला गेले आणि त्या देशातील या कलेचा कणाच मोडला. दागिने मागे राहिले, ते घडवणारे हात गेले. आश्रयदाता एका धर्माचा आणि कारागीर दुसऱ्या धर्माचा, हे चित्र येमेनमध्ये आणि करीमनगरमध्ये सारखेच आहे. म्हणूनच येमेनचा अनुभव दख्खनलाही विचार करायला लावणारा आहे.

हार कसा घडतो?

तारकशीसाठी चोख चांदी लागते, कारण धातूत भेसळ जितकी जास्त तितकी तार ठिसूळ होते. निजामाच्या हाली सिक्क्याच्या रुपयात बराच काळ सुमारे ८२ टक्के चांदी होती. असा रुपया आटवून भरीव कडे घडवता येते. पण केसासारखी तार काढायची तर आधी चांदी शुद्ध करून घ्यावी लागते.

चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. मुशीत ती वितळवून तिची कांडी पाडतात. कांडी ठोकून, पुन्हा तापवून नरम करतात आणि जंतरातून ओढतात. जंतर म्हणजे क्रमाने लहान होत जाणारी भोके असलेली पोलादी पट्टी. एकेका भोकातून ओढत तार हव्या त्या जाडीची होते. बारीक झालेल्या दोन तारा एकत्र पिळतात आणि चपट्या करतात. या पिळामुळेच तारकशीच्या कडेला बारीक दातेरी झळाळी येते.

त्यानंतर जाड तारेची चौकट तयार होते. पान, कोयरी, चंद्रकोर असा जो आकार हवा, तो या चौकटीने ठरतो. मग चिमट्याने बारीक तारेच्या वेटोळ्या, नागमोडी वळणे आणि पाकळ्या करून चौकटीत दाबून बसवतात. या सगळ्यावर चांदीच्या डाखाचा चुरा आणि टाकणखार पसरून विस्तवाची ज्योत फुंकणीने त्यावर नेमकी सोडतात. येथेच कारागिराची कसोटी लागते. ज्योत क्षणभर अधिक रेंगाळली तर डाखाबरोबर तारही वितळते आणि दिवसभराच्या कामाचा गोळा होतो. ज्योत कमी पडली तर सांधे कच्चे राहतात. शेवटी सौम्य आम्लात व रिठ्याच्या पाण्यात धुऊन दागिना उजळतात.

चौकटीचे काम केवळ आकार देण्याचे नाही. सुटी टोके ओढणीच्या तलम कापडात अडकू नयेत, यासाठीही कडा बंद आणि गुळगुळीत असाव्या लागतात. जुना हार पारखताना जाणकार प्रथम त्याची मागची बाजू आणि कडा पाहतात, ते यामुळेच.

चांदी, मेहर आणि जकात

मुस्लिम समाजात चांदीचे महत्त्व केवळ शृंगारापुरते नाही. धार्मिक हिशेबाचे मापच चांदीत आहे. भारतातील बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेचे आहेत. या परंपरेनुसार मेहरची किमान मर्यादा १० दिरहम, म्हणजे सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी आहे. 'मेहर-ए-फातिमी' म्हणून ओळखली जाणारी रक्कम ५०० दिरहम, म्हणजे सुमारे १ किलो ५३१ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी धरली जाते.

जकातीचा हिशेबही असाच. साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने ही मर्यादा ओलांडून चांद्रवर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के जकात द्यावी लागते. येथे तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा धरतात. आज पेढीवर व्यवहारात असलेला १० ग्रॅमचा नव्हे. हनफी मतानुसार वापरातील दागिन्यांवरही जकात आहे. शाफई व इतर काही परंपरांनी वापरातील दागिन्यांना सूट दिली आहे. जकात धातूच्या मूल्यावर असते. तारकशीच्या हाराची मजुरी कितीही मोलाची असली, तरी तराजूत भरते ती केवळ चांदी.

या दागिन्यांना कायद्याचाही आधार आहे. मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या तिसऱ्या कलमानुसार घटस्फोटित स्त्रीला तिची मेहर तसेच विवाहापूर्वी, विवाहसमयी किंवा विवाहानंतर नातेवाईक, मित्र, पती अथवा पतीच्या नातेवाइकांनी दिलेली मालमत्ता मिळण्याचा हक्क आहे. दागिने या मालमत्तेत येतात. त्यामुळे लग्नात मिळालेल्या दागिन्यांची वजनासह यादी, पावत्या आणि छायाचित्रे जपून ठेवणे स्त्रीच्या हिताचे ठरते.

दुष्काळ आणि मोड

मराठवाड्यात दागिना हा पहिला विमा असतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. अशा वर्षांत पेटाऱ्यातील चांदी आधी गहाण पडते आणि नंतर बाजारात जाते. धर्म कोणताही असो, या वाटेत फरक नसतो.

मोडीच्या व्यवहारात तारकशीचे नुकसान सर्वाधिक होते. भरीव कडे मोडले तर वजनाइतके पैसे हाती येतात आणि तसेच कडे पुन्हा घडवता येते. तारकशीत मात्र वजन थोडे आणि श्रम फार. त्यातच डाखामुळे शुद्धता घटते, म्हणून घट अधिक कापली जाते. कित्येक दिवसांच्या हातकामाचे मोल शून्य धरून दागिना मुशीत जातो. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या पुढे गेला. त्यानंतर हा मोह आणखी वाढला.

दुसरीकडे बाजारात साच्यातून काढलेले, तारकशीचा आभास निर्माण करणारे हार स्वस्तात मिळतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव 'रजतनगरी' म्हणून, तर कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी चांदीच्या पैंजण-जोडव्यांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात चांदीच्या कामाची वाण नाही. पण तारकशी हे वेगळे आणि वेळखाऊ कसब आहे. करीमनगरातही नवी पिढी या कामाकडे वळावी, हा जुन्या कारागिरांपुढील प्रश्न आहे.

पारख आणि निगा

जुना हार पारखताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

- हाताने केलेल्या तारकशीत दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या नसतात. साच्यातील कामात प्रत्येक पाकळी एकसारखी असते आणि तारांमधील पीळ उठून दिसत नाही.
- खऱ्या तारकशीतून उजेड आरपार दिसतो. मागे पत्रा लावलेला असल्यास तो मूळचा की नंतर डागडुजीसाठी लावलेला, हे पाहावे.
- 'जर्मन सिल्व्हर' या नावात चांदी असली, तरी त्या धातूत चांदी नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असून, निकेलमुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते.
- नवीन दागिना घेताना हॉलमार्क पाहावा. चांदीसाठी हॉलमार्किंग ऐच्छिक असून, १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात सहा अक्षरी ओळख क्रमांकाची सोय झाली आहे. '९२५' या खुणेचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी.
- चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने हलक्या हाताने धुऊन दागिना पूर्ण कोरडा करावा. राख, दंतमंजन किंवा घासणीचा वापर टाळावा. त्यामुळे बारीक तारा झिजतात.
- प्रत्येक हार स्वतंत्र मऊ सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवावा. अत्तर लावून झाल्यावरच हार गळ्यात घालावा.
- तुटलेला सांधा जोडण्यासाठी शिशाचा डाख वापरू देऊ नये. पुढे कधी दागिना तापवावा लागल्यास शिसे चांदीत उतरते आणि ती खराब होते.

हैदराबादेतील सालारजंग संग्रहालयात चांदीच्या जाळीकामाचे नमुने पाहावयास मिळतात. सामान्य घरांतील हार मात्र संग्रहालयात पोहोचत नाहीत. त्यांची नोंद ठेवायची तर ती घरानेच ठेवली पाहिजे. हार मोडायची वेळ आलीच, तर तत्पूर्वी त्याची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, वजन लिहून ठेवावे आणि तो कोणाच्या लग्नात, कोणत्या गावाहून आला हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून घ्यावे. मुशीत गेलेली चांदी पुन्हा बाजारात मिळते. आजीच्या गळ्यातील ती नक्षी मात्र पुन्हा मिळत नाही.